जवळचं माप

बैल विकताना त्याची खोड सांगावी, असं माझे वडील म्हणायचे. मारका असेल तर मारका म्हणावं. नांगराला बसत असेल तर तसं सांगावं. दोन पैसे कमी येतील, पण घेणाऱ्याच्या घरातही पोरंबाळं असतात. वडिलांनी हे पाळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बैलाच्या बाबतीत मीही पाळलं. पण मी एक जुना कॅमेरा विकत घेतला, तेव्हा त्याची खोड मला कुणी सांगितली नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्याची ही हकिगत.

आमचं गाव हेदवी, तालुका गुहागर. दशभुजा गणपतीसाठी लोक येतात, मग समुद्रावर उमामहेश्वराचं देऊळ आणि बामणघळ बघून जातात. माझी सुपारी-नारळाची वाडी, थोडी कलमं आणि पावसाळ्यात भात. 1977 साली दहावी झालो आणि कोकणातल्या पोरानं जे करायचं ते केलं. एस. टी. धरली आणि मुंबईला गेलो. गिरगावात मामाच्या खोलीत दहा माणसांत अंथरूण मिळालं, आणि फोर्टमध्ये एका फोटोग्राफरकडे हरकाम्या म्हणून नोकरी.

आमचे मालक लग्नाचे फोटो काढायचे नाहीत. कारखान्यातली यंत्रं, बँकांच्या इमारती, जाहिरातीच्या वस्तू, असलं त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे एक जर्मन कॅमेरा होता, लिनहॉफ टेक्निका. लिनहॉफ म्हणजे म्युनिकची कंपनी, 1887 सालची. पेटी बंद असली की जाडजूड डबा दिसतो. झाकण खाली पाडलं की तेच झाकण कॅमेऱ्याचा पाट होतो. त्यावर रूळ असतात आणि त्या रुळांवर लेन्स पुढे ओढायची. मागे लोहाराच्या भात्यासारखा चामडी भाता उलगडत जातो. फिल्म रिळाची नाही, एकेक सुटा तुकडा, चार इंच बाय पाच इंच. पहिल्या दिवशी मालकांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, पायलीभर तांदूळच दिले.

या कॅमेऱ्यात दोन तऱ्हांनी नेम धरता येतो. एक, मागच्या दुधी काचेवर. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि काचेवर उमटलेलं चित्र भिंगानं बघायचं. चित्र उलटं दिसतं, माणसाचे पाय आभाळाकडे. जे काचेवर स्वच्छ दिसतं ते फिल्मवर स्वच्छ येतं, यात फसवणूक नाही. पण काच बघून झाली की तिथे फिल्मचा होल्डर सरकवायचा, लेन्स बंद करायची, होल्डरची पट्टी ओढायची, मग खटका. तेवढ्या वेळात समोरचा माणूस हलला तर सगळं फुकट.

म्हणून दुसरी तऱ्हा, रेंजफाइंडर. कॅमेऱ्याच्या अंगालाच एक छोटं डोळ्याचं भोक. त्यातून एकाच वस्तूच्या दोन सावल्या दिसतात. लेन्स पुढेमागे केली की त्या जवळ येतात. दोन्हींची एक झाली की अंतर जुळलं. फिल्म आधीच भरून ठेवलेली असते. डोळा लावा, सावल्या जुळवा, खटका दाबा. हा जड डबा हातात धरूनसुद्धा फोटो निघतो. जुन्या वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर याच जातीचे, पण अमेरिकन बनावटीचे स्पीड ग्राफिक कॅमेरे वापरायचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्यांच्या हातातही स्पीड ग्राफिक असे. साडी नेसून, गर्दीत, तेवढं ओझं घेऊन. मालक मला सांगायचे, ‘‘बाईंचं बघ, आणि तू तांदळाचं पोतं उचलणारा, कुरकुर करतोस.’’

रेंजफाइंडरला अंतर कसं कळतं, हे मात्र मी दहा वर्षांत कधी विचारलं नाही. मालक लेन्स बदलायचे तेव्हा आत कसलीशी छोटी धातूची पट्टीही बदलायचे. मी कापड धरून उभा असायचो.

1987 साली वडील गेले. धाकटा भाऊ शिकत होता, आई एकटी. मी परत आलो आणि वाडी हातात घेतली. कामाची सवय गेली नव्हती, पण रात्री डोळ्यांपुढे ती दुधी काच यायची. चार वर्षं गेली. 1991 च्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं. एका फोटोग्राफरचं निधन झालंय, मुलगा सामान काढतोय. लिनहॉफ आहे, चौथ्या पिढीचा सुपर टेक्निका, 150 मिलिमीटरची सिमार लेन्स, दहा होल्डर, आणि रिळाची फिल्म भरायचा मागचा डबाही आहे. येतोस का?

त्या काळात असे कॅमेरे दुकानात मांडलेले नसायचे. परदेशातून आणायचं तर परवाना आणि जकात. त्यामुळे एका हातातून दुसऱ्या हातात जायचे, घाटावरच्या बैलांसारखे. सांगितलेली किंमत ऐकून आमच्या घरातून उत्तर आलं, ‘‘त्यात विहिरीवर पंप बसतो.’’ खरंच बसला असता. तोवर आमची वाडी रहाटावर भिजत होती. बैल गोल फिरायचा, लोटे भरून यायचे आणि पाटानं पाणी जायचं. पंपासाठीच पैसे साठवले होते.

आई चुलीपुढे बसली होती. म्हणाली, ‘‘घेऊ दे त्याला. त्याच्या बापानं पण म्हस इकून रेडिओ आणलेला. आपण काय मेलो नाय.’’

मी मुंबईला गेलो. मुलानं सामान टेबलावर मांडलं होतं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यानं मुद्दाम काही लपवलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या काही लेन्स आधीच्या गिऱ्हाइकांनी नेल्या होत्या. मी भाता ओढून बघितला, खटका दाबून बघितला, लेन्स उजेडात धरून बघितली. कॅमेऱ्यात पट्टी होती. पट्टी आहे एवढं बघितलं, समाधान झालं आणि पैसे मोजले. पिशवीत भरून रात्रीच्या एस. टी.त मांडीवर घेऊन आलो. त्या वर्षी पंप आला नाही, रहाटच फिरला.

पहिला फोटो बामणघळीचा. आमच्याकडे खडकाला एक अरुंद भेग आहे. भरतीची लाट आत शिरली की पाणी उसळून वर येतं. मी स्टँड रोवला, सत्तरेक फुटांवरून रेंजफाइंडर जुळवला, लेन्सचं तोंड बारीक केलं आणि लाटेची वाट बघत बसलो. घरी माजघराची खिडकी गोधडीनं बंद करून रात्री फिल्म धुतली. मोठ्या कॅमेऱ्याचं एक सुख शेतकऱ्याला परवडणारं आहे. एनलार्जर लागत नाही. चार बाय पाचची निगेटिव्ह कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, दिवा दोन-चार सेकंद लावायचा, की तेवढाच फोटो तयार. त्या फोटोत खडकाला चिकटलेले कालवसुद्धा मोजता येत होते. मी देवळाजवळच्या माडांचे काढले, होड्यांचे काढले. लेन्स वर सरकवता येते, त्यामुळे माड मागे कलंडल्यासारखे दिसायचे नाहीत, जसे आहेत तसे ताठ. पावसाळ्यापर्यंत वीसेक फोटो झाले, सगळे धारदार. रेंजफाइंडरवर माझा देवासारखा विश्वास बसला.

1992 चा श्रावण. आईला त्या उन्हाळ्यापासून दम लागत होता. गुहागरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. दुपारची वेळ, पाऊस थांबलेला, पडवीत छान मऊ उजेड आलेला. आई भिंतीपासून जरा पुढे बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. पुढ्यात रोवळी. मागच्या भिंतीवर कालनिर्णय. मला वाटलं, हा फोटो घ्यायलाच हवा. चेहऱ्यावर तो उजेड, आणि हात आपलं काम करतायत.

काच बघून, कापड घेऊन काढण्याजोगं ते नव्हतं. ती हात थांबवणार नव्हती आणि थांबवले असते तर फोटोला अर्थ राहिला नसता. मी होल्डर भरून आणला, कॅमेरा हातात धरला, साडेसहा फुटांवर उकिडवा बसलो. उजेड कमी म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, पाच पॉइंट सहा. रेंजफाइंडरमध्ये तिच्या कपाळावरच्या गोंदणाच्या दोन सावल्या दिसल्या. सावकाश एक केल्या.

‘‘आरं, फोटो काढतोस का दाढ काढतोस? किती येळ!’’

खटका दाबला. होल्डर उलटा करून आणखी एक. होल्डरमध्ये दोनच फिल्म मावतात.

रात्री धुतल्या. चेहरा पुसट. डोळे म्हणजे दोन राखाडी डाग. दोन्हींत तसंच. मी भिंगसुद्धा नीट लावलं नाही. सकाळी तिनं विचारलं, कसा आला, तर मी म्हणालो, ‘‘तू हललीस. जरा थांबायचं होतंस.’’

‘‘म्हातारं माणूस, हालायचंच,’’ ती म्हणाली. ‘‘दिवाळीत काढ परत. तवा लुगडं नवं नेसीन.’’

मी हो म्हणालो. मग गौरी-गणपती आले, भातात बेणणी आली. नवरात्राच्या आधी एका पहाटे आई गेली.

दिवसकार्याला फोटो हवा होता. हार घालायला घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता. ज्याच्या घरात असला जर्मन कॅमेरा, त्याच्या घरात. शेवटी भावाच्या लग्नातल्या घोळक्यातून तिचं डोकं तेवढं कापून मोठं केलं. तेराव्याची माणसं गेल्यावर मी रात्री ती पुसट निगेटिव्ह काढली. म्हटलं, बघू यातून काही निघतं का. कंदील जवळ घेतला, आणि या वेळी भिंग लावून सबंध फिल्म कोपऱ्यापासून बघितली.

मागच्या भिंतीवरचा कालनिर्णय सुईसारखा स्वच्छ होता. नारळी पौर्णिमा ही अक्षरं वाचता येत होती. भिंतीच्या गिलाव्याला गेलेली चीर दिसत होती. म्हणजे कॅमेरा हलला नव्हता. मग मी आईच्या पुढ्यातली रोवळी बघितली. रोवळी चेहऱ्याहून जास्त पुसट. रोवळी तर जमिनीवर होती. रोवळी कशी हलेल?

आई हलली नव्हती. कॅमेऱ्यानं नेम धरला होता तो दीड फूट मागच्या भिंतीवर. आणि मी तिला म्हणालो होतो, तू हललीस.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन वाडीत गेलो. कोकणात सुपारीची रोपं नऊ-नऊ फुटांवर लावतात. माझ्या वडिलांनी लावलेली नवी ओळ दोरी धरून लावलेली होती, एकाही झाडाचा पाय वाकडा नाही. म्हणजे माझ्यासमोर नऊ, अठरा, सत्तावीस फूट अशी पट्टीच उभी होती. पहिल्या खोडाला सुंभानं वर्तमानपत्राचा कागद बांधला. स्टँडवर कॅमेरा ठेवला, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं. रेंजफाइंडरनं नऊ फुटांवरच्या खोडाच्या सावल्या जुळवल्या. मग मागे जाऊन दुधी काचेवर बघितलं, तर कागदावरची अक्षरं विरघळलेली. पोराला काठी धरून मागे मागे सरकायला लावलं. काठी काचेवर स्वच्छ दिसली तेव्हा टेप लावला. अकरा फूट. अठराच्या झाडाला जुळवलं तर नेम बावीसवर. मग दूरच्या होडीच्या डोलकाठीला जुळवून बघितलं. तिथे सगळं बरोबर. रेंजफाइंडरमध्येही, काचेवरही.

दूरचं बरोबर, जवळचं चूक. आणि वर्षभर मी फक्त दूरचेच फोटो काढले होते. तेही लेन्सचं तोंड बारीक करून. तोंड बारीक केलं की पुढचंमागचं बरंच स्वच्छ येतं आणि चूक झाकली जाते. पडवीतल्या कमी उजेडात तोंड उघडावं लागलं आणि झाकण उडालं.

आता ती पट्टी बाहेर काढली. तिला कॅम म्हणतात. रूळ पुढे सरकले की रेंजफाइंडरची दांडी त्या पट्टीच्या वळणावर चढते-उतरते, आणि त्यावरून सावल्या सरकतात. प्रत्येक लेन्सचं वळण वेगळं. लांब लेन्स त्याच अंतरासाठी जास्त पुढे सरकावी लागते, आखूड लेन्स कमी. म्हणून लेन्सगणिक तिची पट्टी घासून बनवलेली असते, आणि कुठल्या लेन्सची ते तिच्यावर कोरलेलं असतं. माझ्या पट्टीवर मळाचा थर होता. रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. आकडा निघाला, 135. माझी लेन्स 150 ची.

मी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो. रॉकेलचा एक बोळा. घेताना, मुंबईत, त्या टेबलापाशी एवढंच करायचं होतं. मालक दहा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत पट्ट्या बदलत होते आणि मी कापड धरून उभा होतो. आधीच्या कुणी गिऱ्हाइकानं 135 ची लेन्स नेली असणार, आणि तिच्याबरोबर माझी 150 ची पट्टी गेली असणार. म्हणजे कुठेतरी आणखी एक माणूस असेल. त्याचंही दूरचं बरोबर येत असेल आणि जवळचा नेम माणसाच्या पुढे पडत असेल. त्यानं कुणाचा फोटो घालवला असेल, कुणाला ठाऊक.

कॅमेरा विकायचा विचार आला होता. घरातूनही कुणी अडवलं नसतं. पण विकायचा म्हणजे खोड सांगायची, आणि खोड कळली म्हटल्यावर ती आपणच का काढू नये? त्या थंडीत मी रोज संध्याकाळी वाडीत स्टँड लावायचो. दुधी काचेवर बघून एकेक झाड स्वच्छ करायचं आणि रुळाच्या कडेला सुईनं बारीक ओरखडा काढायचा. सहा फूट, नऊ, बारा, अठरा, सत्तावीस. मग एक सुताची दोरी घेतली, त्याच मापांच्या गाठी मारल्या आणि स्टँडच्या स्क्रूला बांधली. फोटो काढताना दोरीची गाठ माणसाच्या डोळ्याच्या कडेपाशी धरायची, रूळ त्या ओरखड्यावर आणायचा आणि दोरी सोडून खटका दाबायचा. रेंजफाइंडर नको, काच नको. सुपारीची ओळ आखायला वडील जी दोरी वापरायचे, तीच युक्ती.

सहा वर्षं असं चाललं. 1998 साली कलमांना बरा भाव मिळाला तेव्हा मुंबईला जाऊन फोर्टमधल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यानं कोरी पट्टी घेतली आणि कानशीनं घासत बसला. घासायची, बसवायची, काचेवर बघायचं, पुन्हा घासायची. मी दोन दिवस शेजारी बसून होतो. या वेळी कापड धरून नाही, भिंग धरून. नवी पट्टी नऊ फुटांना नऊ दाखवायला लागली. तरी दोरी मी सोडली नाही.

आता माझ्याकडे कधीमधी कुणी तरुण मुलं येतात. शहरात जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचं पुन्हा वेड आलंय म्हणतात. मोठा घ्यायचाय, काय बघू, असं विचारतात. मी दहावी शिकलेला माणूस, पण एवढं सांगतो.

लेन्सचा आकडा आणि पट्टीचा आकडा आधी वाचा. मळ असेल तर पुसून वाचा. मग काचेवर आणि रेंजफाइंडरमध्ये एकच वस्तू जुळते का बघा, आणि ती एकदा दूर बघा, एकदा जवळ बघा, तोंड पूर्ण उघडं ठेवून.   

दुधी काचेची खरबरीत बाजू लेन्सकडे असली पाहिजे. फुटलेली काच बदलताना कुणी उलटी बसवलेली असते, मग काचेवरचा नेमही खोटा होतो.

भाता काळोख्या खोलीत न्या, आत विजेरी लावा आणि घड्या उलगडून सगळीकडून बघा. चांदणी दिसली तर तिथून उजेड शिरणार. कोपरे आधी जातात. एखाद-दुसरं भोक असेल तर काळ्या रंगानं बुजतं. खूप असतील तर भाता नवा शिवावा लागतो, तो खर्च किमतीतून वजा करा.

खटका एका सेकंदावर लावून कान द्या. चाकाचा आवाज सलग यायला हवा, मध्ये अडखळला तर आतलं तेल सुकलंय. सगळ्यात वेगाचा आकडा खटका ताणायच्या आधी लावा, नंतर जोर करू नका. आणि काम झाल्यावर खटका ताणून ठेवू नका. बैलाला जू घालून गोठ्यात बांधतो का आपण?

होल्डरांना नंबर घाला, प्रत्येकात एकेक फिल्म घालून उन्हात तपासा. माझ्या दहांतले चार गळके निघाले. फिल्म काळोखात भरताना तिच्या कडेच्या खाचा बोटानं चाचपा. खाचा वर उजव्या हाताला आल्या की फिल्मची कामाची बाजू तुमच्याकडे असते.

आणि कोकणात राहत असाल तर बुरशी. आमच्या पावसात चामड्याच्या चपलेला दोन दिवसांत मिशा फुटतात, तिथे लेन्सची काय कथा. मी लेन्स स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलचे निळे खडे. ओल पिऊन ते गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करतो. कॅमेऱ्याच्या मूळ चामडी पेटीत पावसाळ्यात काही ठेवू नये, ती स्वतःच ओल धरते.

फिल्मचं मात्र मी काय सांगणार? पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ मिळायची, रिळाच्या डब्यात ती घालून एका रिळात दहा फोटो निघायचे. तो कारखाना बंद पडला. आता बाहेरची मागवावी लागते. एका सुट्या फिल्मच्या किमतीत घरची दोन वेळची भाजी येते. म्हणून वर्षाला दोन होल्डरांहून जास्त भरत नाही.

त्या चार फिल्म मी गावातल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवतो. 1993 पासून हे सुरू आहे. कुणाची आजी, कुणाचा चुलता, खारवीवाड्यातला एखादा म्हातारा. पैसे घेत नाही. पडवीत बसवतो, हातात त्यांचं नेहमीचं काम राहू देतो आणि दोरीची गाठ डोळ्याच्या कडेपाशी नेतो. सगळे हसतात. एक आजी म्हणाली होती, ‘‘माझं माप घेतोस, ते आत्ताच कशाला?’’ त्या हसण्यातच खटका दाबायचा. फोटो त्यांच्या हातात आठ दिवसांच्या आत देतो. दिवाळीवर ढकलत नाही.

माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये चेहऱ्याभोवती आपोआप चौकोन उमटतो. माणूस हलला तर चौकोनही त्याच्या मागे जातो. त्यानं मला दाखवलं तेव्हा मी बराच वेळ ते बघत होतो. चांगलं आहे. ते तेव्हा असतं तर आईचा फोटो आला असता, यात काही शंका नाही. जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही.

आईच्या त्या दोन निगेटिव्हपैकी एकीचा फोटो मी शेवटी कागदावर काढला, पुष्कळ वर्षांनी. पडवीत लावलाय, त्याच भिंतीवर. वाड्यातली एक म्हातारी आली होती, आईची सोबतीण. तिनं बराच वेळ बघितला. मी म्हटलं, नीट आला नाही, चूक माझी होती. ती म्हणाली, ‘‘कातरायला बसलीय तशीच हाय की. तोंड काय, मला ठावं हाय.’’ मला ते पुरलं असं म्हणत नाही. पण मी फोटो काढून ठेवला नाही.

आता माझी सत्तरी जवळ आली. मुलाला वाडीत रस आहे, कॅमेऱ्यात नाही, आणि तेच बरं आहे. माझ्यामागे हा डबा कुणीतरी विकेल. टेबलावर मांडेल, घेणारा भाता ओढून बघेल, खटका दाबून बघेल. म्हणून पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी डकवलीय, मोठ्या अक्षरांत:

लेन्स 150, कॅम 150, मुंबईत हातानं घासलेला. नऊ फुटांना बरोबर, सहा फुटांना दोन बोटं मागे जातो, तेव्हा काचेवर बघून घ्यावं. होल्डर नंबर 3, 4, 7 आणि 10 गळतात. भात्याला डाव्या कोपऱ्यात खाली एक भोक होतं, बुजवलंय, दर पावसाळ्यानंतर तपासावं. पुडीतला 135 चा कॅम या लेन्सला लावू नये. कुणाकडे 135 ची लेन्स असेल आणि सोबत 150 चा कॅम असेल, तर त्याला हा द्यावा. पैसे घेऊ नयेत.